भाद्रपदात पाहिलेलं कुरुळीचं स्थळ

मुलीसाठी घर पाहायला माघात जाऊ नये. तेव्हा खळी नुकतीच झालेली असतात, कणग्या गळ्यापर्यंत भरलेल्या असतात आणि पाहुण्याला पुरणपोळी मिळते. थोरल्या ताईचं सासर आम्ही असंच पाहिलं होतं. पुढच्या भाद्रपदात ती माहेरी आली ती निम्मी होऊन. म्हणून धाकट्या वत्सलासाठी माघात पसंत केलेलं कुरुळीचं घर पुन्हा पाहायला मी ऐन पितृपंधरवड्यात निघालो. आईनं बजावलं, या दिवसांत सोयरिकीच्या घरी कुणी जात नाही. मी ऐकलं नाही.

चिंचवडहून चालत येऊन कासारवाडीच्या फाट्यावर एसटी धरावी. सातची गाडी पावणेनऊला आली. भाडं सहा आणे. सुटे न्यावेत, नाहीतर कंडक्टरचं बोलणं ऐकावं लागतं. कुरुळीला उतरल्यावर वहाणा हातात घ्याव्यात, गावापर्यंत चिखल आहे. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी हिरवीगार बाजरी. पाहून हरखू नये. कणसात अजून दूधच आहे.

मुलाचे वडील धोंडिबा ओट्यावर दोरी वळत होते. मला पाहून त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराआड डबा घेऊन शेजारी पीठ मागायला गेली. भूक नाही, असं मी तीनदा सांगितलं, व्यर्थ. मला भाकरी वाढली आणि घरची माणसं हुलग्याचं माडगं प्यायली.

"पावणं," बाई म्हणाल्या, "सांगून आला असता, तर आमी घरीच नसतो."

कणगी पाहण्याचा विषय मी लाजेनं काढलाच नाही. धोंडिबांनीच झाकण उचललं. तळ दिसत होता.

"माघात दावली ती बी हीच. आखाडापतुर पुरली. बाजरी निघंपतुर दर साली असंच. तुमच्याकडं काय वायलं हाय व्हय?"

आमच्याकडे वेगळं काही नव्हतं.

परतीची एसटी चुकली. मोशीपर्यंत भिजत चाललो. घरी पोचल्यावर वत्सलाला सगळं नीट सांगितलं: कणगी रिकामी, विहिरीला पाणी, छप्पर दोन ठिकाणी गळतं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, त्यांच्या थोरल्या सुनेला काय वाढलं?"

मी आठवून पाहिलं. सासूनं वरचं पातळ माडगं स्वतः घेतलं होतं आणि तळाचं घट्ट सुनेच्या वाडग्यात ओतलं होतं.

"मग हो म्हणून कळव," ती म्हणाली.

ताईच्या सासरची कणगी याहून मोठी आहे. ताई तिथे सगळ्यांच्या मागून जेवते. हे विचारायचं मला माघात सुचलं नव्हतं, आणि एवढा चिखल तुडवून भाद्रपदातही नाही.