काठोकाठ भरलेलं मडकं

आमची स्कूटर फार खडखडते, म्हणून मी ती विकायला जुन्या गाड्यांच्या बाजारात नेली होती. तिथे एक कुंभार जोडपं पिकअप बघत होतं. एक डिझेलची, एक पेट्रोलची. बाईंनी दोन्ही इंजिनं चालू करायला लावली आणि सोबत आणलेलं मडकं पाण्यानं काठोकाठ भरून आधी एकीच्या, मग दुसरीच्या हौद्यात ठेवलं. डिझेलच्या गाडीत पाणी थरथरून सांडलं. पेट्रोलच्या गाडीत मात्र मडक्यातलं आभाळसुद्धा हललं नाही.

"पेट्रोलच घेऊ," कुंभार म्हणाला. "माल फुटायचा नाही."

"डिझेल घ्या," बाई म्हणाल्या.

मला राहवेना. "मग मडकं कशाला ठेवलंत?"

"पेंढा किती घालायचा ते कळलं." मग नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "हे बाजारातून परततात, तेव्हा घाट चढणारी गाडी घरात ऐकू यायला हवी."

बिनआवाजी वस्तूंसाठी आपण किती हौसेनं जास्त पैसे मोजतो! पंखा, फ्रीज, दारसुद्धा. घरात कोण कधी आलं, हल्ली कळतही नाही.

स्कूटर न विकताच मी परतले. गल्लीच्या तोंडाशी वळले, तर आमचं दार आधीच उघडलेलं होतं.