बोटांपर्यंत पोहोचलेलं औषध

आईला छातीत गाठ सापडली तेव्हा मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात शेवाळावर संशोधन करत होते. शेवाळ म्हटलं की लोकांना टाकीच्या कडेची बुळबुळ आठवते. माझं शेवाळ एकाच पेशीचं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, दोन बारीक शेपट्यांनी पाण्यात पोहणारं. विभागणीची वेळ आली की ते शेपट्या आवरून घेतं, थांबतं आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतं. ही विभागणी घडवून आणण्यात मोटर प्रथिनांचा मोठा वाटा असतो. पेशीत अतिसूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात आणि त्यांच्यावरून ही प्रथिनं अक्षरशः पावलं टाकत चालतात. कुणी ओझं वाहतं, कुणी रूळच एकमेकांपासून लांब ढकलतं. त्यातल्या एका ढकलणाऱ्या प्रथिनावर माझं काम होतं. माझ्याकडे शेवाळाची अशी एक जात होती की तिला थोडी ऊब दिली की ते प्रथिन काम सोडायचं. मग पेशीचा ऐवज दोन्हीकडे वाटलाच जायचा नाही, ती नुसती फुगून बसायची.

हे शेवाळ अंधार पडल्यावर विभागतं. रोज रात्री प्रयोगशाळेत कोण बसणार, म्हणून मी त्याच्या पेटीतले दिवे असे लावले होते की शेवाळाची रात्र दुपारी सुरू व्हावी. त्यामुळे दुपारभर मी सूक्ष्मदर्शकापाशी आणि आई नंदनवन भागातल्या आमच्या घरी एकटी. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई ब्लाउज शिवायची. शिलाई मशीनवर, पण हुक, काज आणि तुरपाई हातानंच. आसपासच्या नवऱ्या मुलींचे ब्लाउज तिच्याकडेच यायचे ते या हातशिलाईमुळे.

धंतोलीतल्या हॉस्पिटलात तिची केमो सुरू झाली. दर आठवड्याला एक सलाइन. पहिल्या दिवशी, थेंब पडायला लागल्यावर, तिनं विचारलं, "हे औषध आतमध्ये करते काय वं?"

हा प्रश्न माझ्या अगदी आवडीचा निघाला. ते औषध मुळात एका झाडाच्या सालीत सापडलेलं, आणि ते काम करतं त्याच रुळांवर, ज्यांच्यावर माझी मोटर प्रथिनं चालतात. मी फोनमधला माझ्या शेवाळाचा व्हिडिओ काढला. हिरवी पेशी थांबते, मधोमध चीर पडते, दोन होतात. मग दुसरा, त्या अडलेल्या जातीचा, फुगून बसलेल्या पेशीचा. मी तिला सांगितलं की गाठीतल्या पेशीही अशाच भराभर विभागत असतात. हे औषध त्यांचे रूळ ताठ करून टाकतं. सुटायची वेळ आली तरी ते सुटत नाहीत, मोटरी खोळंबतात आणि पेशी मधेच अडकते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा, यवतमाळकडून आलेला, तोही वाकून बघायला लागला. मी फोन त्याच्याकडेही वळवला. आई आजारी होती आणि मला मजा येत होती. हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हातापायाला मुंग्या आल्या, बोटं बधिर वाटली, तर लगेच सांगायचं. ते कशानं होतं, हेही मी बोलण्याच्या ओघात समजावलं. मज्जातंतूची एकेक पेशी पाठीच्या कण्यापासून थेट बोटापर्यंत लांब गेलेली असते. तिच्यातही तेच रूळ, तेच ओझं वाहणारे. औषधानं तीही वाहतूक बिघडते, आणि जिथला रस्ता सगळ्यात लांब तिथं त्रास आधी. "मुंग्या आल्या तर समज," मी म्हटलं, "औषध पार बोटांपर्यंत पोहोचलं."

पहिल्या काही आठवड्यांत केस गेले, तोंडाची चव गेली. त्याची तयारी दोघींनीही केली होती. दर वेळी सलाइन लावण्याआधी नर्स विचारायची, मुंग्या येतात का, वस्तू हातातून पडतात का. आई शांतपणे नाही म्हणायची. डॉक्टर विचारायचे, तेव्हाही नाही. मी शेजारीच उभी असायची, आणि मला बरं वाटायचं.

घरी आईनं साड्या नेसणं सोडलं. गाऊनच बरा वाटतो, म्हणाली. उन्हाळा लागला होता, अंगात ताकद नव्हती, मला ते पटलं. शिवायला आलेली कापडं तिनं परत पाठवली, तेही पटलं. भिवापूरहून मावशीनं मिरच्या पाठवल्या होत्या. त्यांचे देठ काढताना मिरच्या तिच्या हातातून सारख्या घरंगळत होत्या. मी म्हटलं, थकली असशील, राहू दे. पेशीच्या आत कोणतं प्रथिन कधी थांबतं ते मी तासन्‌तास बघायची. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ब्लाउजला हुक लावले, तिला स्वतःच्या ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत म्हणून ती गाऊन घालून राहते आहे, हे मला दिसलं नाही.

माझा प्रयोग त्याच काळात जमला. पेशी नेमक्या कोणत्या टप्प्यावर अडते ते सापडलं. मी घरी पेढे नेले. ते शेजारी वाटायला आई स्वतः गेली, डबा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून.

बुद्धपौर्णिमेला सुट्टी होती, म्हणून मी सकाळी घरी होते. आई खीर करत होती. मी दारात उभी राहून बोलत होते, आणि बोलता बोलता तिनं गॅसवरचं उकळतं पातेलं दोन्ही हातांनी, बिनफडक्याचं, उचललं. घाईही केली नाही. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन नीट ठेवलं आणि झाकण शोधायला लागली.

मी धावत जाऊन तिचे हात नळाखाली धरले. बोटांची टोकं लाल झाली होती. ती माझ्याकडे बघत होती, हातांकडे नाही.

"दुखून नाही राहिलं का?" मी विचारलं.

आता तिनं बोटांकडे बघितलं. मग म्हणाली की बऱ्याच दिवसांपासून बोटांना काही समजतच नाही. आधी मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या. पायांचंही तसंच.

"मग काहून नाही सांगितलं, आई? दर वेळी नर्स विचारत होती ना."

"तूच तं म्हटलं होतं, मुंग्या आल्या म्हणजे औषध पोहोचलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, बोटापर्यंत गेलं तं गाठीपर्यंत गेलंच असन. डॉक्टरले सांगितलं असतं तं त्यानं औषध कमी केलं असतं."

नळ चालूच होता. माझं वाक्य चूक नव्हतं. कोणत्याही परीक्षेत त्याला गुण मिळाले असते. पण "लगेच सांग" हा त्यातला कंटाळवाणा अर्धा भाग मी तिला पुन्हा सांगितला नव्हता. रंजक तेवढं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या बोटांना कापूस लावून बघितला, टाचणी लावून बघितली, डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला. मग औषध थांबवून दुसरं सुरू केलं. आधी कळलं असतं तर मात्रा कमी करता आली असती, एवढंच म्हणाले. जाणीव काही प्रमाणात परत येईल, कदाचित पूर्ण येणार नाही. आपण का सांगितलं नाही, हे आईनं त्यांना सांगितलं नाही. "लक्षात नाही राहिलं," असं म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. तिला स्वतःला तो कुठे पडला हे कळलं नसेल.

गाठ चांगलीच लहान झाली होती. ऑपरेशन झालं, सगळं नीट झालं. आता तपासण्या स्वच्छ येतात. नातेवाईक म्हणतात, पोरगी शास्त्रज्ञ होती म्हणून वाचली. आईही मान डोलावते. मी विषय बदलते.

बोटांची जाणीव थोडी परत आली आहे. चहा किती गरम आहे ते आता कळतं. सुई मात्र धरता येत नाही. तिची गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीतल्या एका बाईकडे जातात. आईनंच सगळ्यांना त्या बाईचं नाव सांगितलं. माझा शोधनिबंध छापून आला आहे. वर्गात मी मोटर प्रथिनं शिकवते, मुलं कान देऊन ऐकतात. पेशीच्या पोटातले हमाल, असं काहीतरी म्हणायचं जिभेवर येतं आणि मी अडखळते. आईशी मी एकदाच बोलले, माझ्या बोलण्यामुळं झालं म्हणून. ती म्हणाली, "तू सांगितलं म्हणूनच तं मी त्या खाटेवर भ्याली नाही." मला त्यानं बरं वाटायला हवं होतं.

मागच्या महिन्यात आईच्या भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला आम्ही इतवारी बाजारात गेलो होतो. दुकानदारानं चार-पाच साड्या उलगडल्या. आईनं एकेकीवरून हात फिरवला, थांबली, मग पदर उचलून गालाला लावला. दुसरीचाही लावला. असं गालानं बघून तिनं त्यातली सगळ्यात मऊ साडी निवडली. दुकानदारानं बाकीच्या घड्या घालायला घेतल्या, आणि मी उगाचच बाहेर रस्त्याकडे बघत उभी राहिले.