मांजरसुंब्याची लाथ

चौसाळ्याला भाचीच्या लग्नाला निघालो तेव्हा माझ्या दोन्ही पोटऱ्या उत्तम स्थितीत होत्या. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्यावरून वाद झाला. आमच्या घराण्यात नवरीला मामानं उचलून मंडपात आणायचं असतं, आणि राणीला मी एकटाच मामा. "मामा, मला पाडू नको," असं तिनं लहानपणीच बजावलं होतं. म्हणून दिवाळीपासून रोज सकाळी स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा वर-खाली करत होतो. मी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतो, कोणता स्नायू कशानं बळकट होतो हे मला पाठ आहे. "उभेच आहात तर ओटा पुसून घ्या," एवढंच बायको म्हणाली.

संभाजीनगरहून सोलापूरची एसटी धरली. बीड मागे पडलं आणि बालाघाटच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसू लागल्या. सीताफळीची झाडं पानं झडून उभी होती. घाट चढून गाडी मांजरसुंब्याला चहाला थांबली. मी सुशीला (चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेली न्याहारी) खाल्ली, वर रबडी घेतली, आणि कंडक्टरनं डबल बेल मारली तसा धावलो.

पायरीवर चवडा टेकवला, टाच अधांतरी, गुडघा ताठ, आणि जोर दिला. मागून पोटरीवर फाडकन लाथ बसली. मी खाली आलो.

मागे पांढऱ्या टोपीचे एक भारदस्त शेतकरी उभे होते. "लाथ का मारली?" मी ओरडलो. सगळी गाडी खिडक्यांत गोळा झाली.

"मी कावून मारीन लाथ? वळख ना पाळख," ते म्हणाले. "आन् मागून मारली असती, तर तुमी आत पडला असता. भाईर कसे आले?"

मुद्दा बिनतोड होता. मी पोटरी चाचपली आणि सगळा प्रकार ध्यानात आला. पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस, दोन फाकांचा, चालताना फुगलेला दिसतो तो. तो गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली चपटा सोलियस, तो गुडघ्याच्या खालूनच निघतो. दोघे मिळून टाचेमागच्या जाड शिरेत, म्हणजे धोंडशिरेत, उतरतात. गुडघा ताठ ठेवून आणि टाच खाली सोडून जोर दिला, की वरच्याची आतली फाक फाटते, आणि माणसाला हटकून वाटतं की मागून कुणीतरी मारलं. हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. मुलं हसतात.

प्रश्न शिरेचा होता. ती तुटली असती तर राणीला उचलणं संपलंच होतं. कसाबसा आत चढून मी सीटवर गुडघे टेकले, पावलं सीटच्या काठाबाहेर सोडली आणि त्याच गृहस्थांना म्हणालो, "पाहुणे, माझी पोटरी जरा दाबता? पाऊल हललं तर शीर शाबूत."

"आदी म्हनता लाथ मारली, आता म्हनता पाय दाब!" पण त्यांनी दाबली. पाऊल हललं. मागच्या सीटवरच्या बाईंनीही "हललं, हललं" म्हणून दुजोरा दिला. माझा जीव भांड्यात पडला.

"एवढं कुठं निघालात?" पोटरी सोडत त्या गृहस्थांनी विचारलं.

"चौसाळ्याला, लग्नाला. मी नवरीचा मामा."

त्यांनी टोपी सारखी केली. "मी नवरदेवाचा," ते म्हणाले.

त्यांना सगळे नाना म्हणत, हे मला मंडपात कळलं. माझी बातमी तिथं माझ्याआधी पोचली होती. "आरं, आता पोरीला उचलनार कोन?" राणीची आई, माझी ताई, रडकुंडीला आली. कुणी म्हणालं, खुर्चीत बसवून आणा. "खुर्ची तिचा मामा हाय का?" ताई कडाडली. राणी शालू नेसून माझ्या पायाकडे बघत होती. "मी चालत येते मामा, खरंच," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

गुरुजींनी पुकारलं, "मामा, मुलीला आणा!"

तेवढ्यात नवरदेवामागची जागा सोडून नाना उठून आले. "नाना, तुमची जागा तिकडं हाय," त्यांचाच एक भाऊबंद म्हणाला.

"साऱ्या गाडीम्होरं ह्यांनी माजं नाव घेतलंय," नाना म्हणाले. "लाथ माजी, तर भरपाई बी माजीच. धरा पोरीला."

गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि काम खालच्या सोलियसवर जातं. म्हणून मी गुडघे वाकवून, चवड्यावर, दुधावर निघालेल्या बोक्यासारखा चाललो. राणी माझ्या हातांवर होती आणि माझ्या हातांखाली, शालूच्या आड, नानांचे हात होते. "पाडू नको," ती कानाशी म्हणाली. वजन कुणी किती पेललं ते मला ठाऊक आहे. अक्षता पडेपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी नाना मला गाडीपर्यंत सोडायला आले. मी पायरीशी गेलो तसे ते चांगले दहा हात लांब जाऊन उभे राहिले. "मी हितं हाय बरं का! समद्यांनी बघून घ्या."

मी पायरीवर चवडा ठेवला. पोटरीनं साफ नकार दिला. इतकी वर्षं पोटरी शिकवली, पण ती एकट्याला पुरत नाही, हे काही मी मुलांना सांगितलं नव्हतं.

"नाना, जवळ या," मी म्हणालो.

नानांनी पाठीला खांदा लावला आणि एका दणक्यात मला आत घातलं. मी कंडक्टरच्या अंगावर जाऊन आदळलो.

"कोण आहे तो ढकलणारा?" कंडक्टर खेकसला.

"सोयरे आहेत आमचे," मी म्हणालो.