वणव्यातलं गाऱ्हाणं

गावदेवी सातेरीवर विश्वास आहे का, असं त्या वर्षी कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझा विश्वास बांबूवर आहे. पोलिओने लहानपणीच माझे दोन्ही पाय नेले. घर धामापूरच्या बाजूचं, वाडीच्या वर, सड्याला म्हणजे वरच्या कातळाच्या माळाला टेकून. मागे काजू आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. ऐंशीच्या दशकात वाडीत गाडी कुणाकडे असणार? आणि असती तरी मला ती चालवता थोडीच आली असती! आदल्या उन्हाळ्यात वणवा शेजारच्या काजूपर्यंत येऊन गेला आणि माझी झोपच उडाली.

मग मी तयारीला लागले. घराभोवतीचं गवत कापून घेतलं, पलीकडचा पट्टा आधीच जाळून टाकला. खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले आणि ती उचलायला वाडीतले चार गडी ठरवले. मी पितळेची थाळी बडवायची, त्यांनी धावत यायचं. दोनदा सरावसुद्धा केला, तेव्हा सगळे पोट धरून हसले. माझी वहिनी, आम्ही दोघीच घरात, म्हणाली, "सगळा बरा केलंस गो, पण सातेरीच्या कानार घालून ठेव."

"सातेरी काय खुर्ची उचलूक येतली?" मी फटकन म्हटलं. माझं तोंड पहिल्यापासूनच तिखट.

आणि वणवा आला तो नेमका शिमग्यात! भर दुपारी. वहिनी ओटी घेऊन देवळात गेलेली. खाली रोंबाट निघालेलं, सोंगं घेतलेली माणसं ढोल-ताशे वाजवत घरोघर फिरत होती. आधी जळका वास आला, मग तडतड, आणि बघते तर काजूच्या शेंड्यांवर धूर! मी सरपटत अंगणात खुर्चीपाशी आले आणि जीव खाऊन थाळी बडवू लागले. बडवता बडवता डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, शिमग्यात थाळीकडे कोण लक्ष देणार? अख्खा गावच काहीतरी बडवत होता. वणव्याचे दिवस तेच शिमग्याचे दिवस, एवढं साधं मला सुचलं नव्हतं!

वाऱ्याने ठिणग्या जाळलेल्या पट्ट्यावरून अलगद उडवल्या आणि पडवीच्या झावळ्यांनी पेट घेतला. पुढे दगडी उतार, तो सरपटत उतरणं शक्य नव्हतं. मी थाळी टाकली. हात आपोआप जोडले गेले. आमच्याकडे देवाला मोठ्याने हाक देऊन गाऱ्हाणं घालतात ते पुरुष, बाईने घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पण माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "बा देवी सातेरी! आज ह्यो वणवो तुझ्या लेकराच्या दारात इलो आसा. माझे पाय तुका ठावक आसत. माझा सगळा करून झाला, आता तूच माका हयसून भायर काढ गे माये!"

आणि उताराखालून गर्जना आली, "व्हय म्हाराजा!"

क्षणभर वाटलं, धरणीच बोलली.

झालं होतं असं की, रोंबाट आमच्याच वाटेने वर चढत होतं आणि कुणा वात्रटाने ताशावर रंगाचं पाणी ओतलं. कातडं भिजून ताशा बसला. तो जाळावर शेकायला सगळे थांबले, वाजप बंद पडलं, आणि त्या शांततेत माझा आवाज खाली पोचला. मालवणी माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की तो "व्हय म्हाराजा" म्हणणारच. कोण घालतंय, कशासाठी, हे त्यांनी नंतर बघितलं!

मग काय विचारता! रोंबाटातले चौघे धावत वर आले. बांबूच्या पुढच्या टोकाला लुगडं नेसलेला, कुंकू लावलेला, मिशीवाला गडी. "ताशाक आग व्हयी होती," तो धापा टाकत ओरडला, "तू तर मोठीच पेटवन ठेवलंस गो!" मी रडत होते आणि खदखदा हसत होते. त्यांनी मला खुर्चीसकट पालखीसारखं खांद्यावर घेतलं. बाकीच्यांनी हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपली. पडवी गेली, घर वाचलं.

खुर्ची थेट देवळात उतरवली. वहिनीने मला गच्च मिठी मारली. सातेरी आमच्याकडे वारुळाच्या रूपात असते, त्या वारुळाकडे लाजेने बघवेना मला. खुर्ची कोण उचलणार, हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

बांबू अजून बांधलेले असतात, गवतही दरवर्षी कापते. तयारी सोडलेली नाही. पण शिमग्यात रोंबाट पहिलं आमच्या दारात येतं आणि गाऱ्हाणं मला घालायला लावतात. मी "बा देवी सातेरी" एवढंच म्हणते आणि हात जोडते. मागणं राहूनच जातं, आणि सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!"