शपथ सगळ्यांसाठी

नव्या पंतप्रधानांचा शपथविधी होता. रोह्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या चाची टीव्ही बघायला आल्या. त्यांचा मुलगा कुवेतला असतो. इकडे मुसलमानांवर होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या ऐकून तो रोज फोनवर म्हणायचा, "घर विकून टाकूया."

शपथ ऐकता ऐकता चाचींनी मला विचारलं, "कुनाचा आकस न धरता सगळ्यांना न्याय, म्हंजे आमाला पन धरून ना गो?"

"व्हय चाची, सगळ्यांना," मी म्हणाले, पण माझा आवाज खाली गेला.

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "घर विकायचा नाय. शेजारच्या मास्तरीणबाई सांगतात, शपथ सगळ्यांसाठी हाय."

मलाच खात्री नव्हती. तरी मी त्यांना थांबवलं नाही.