धुरातला उजेड

तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर बसून समोरचा कारखाना रंगवायचा. खरं तर त्याला हवा असायचा तो कारखान्याच्या धुरातून गाळून येणारा सकाळचा उजेड. कधी तो जुन्या पितळेसारखा दिसे, कधी ओल्या राखेसारखा. त्याच धुरामुळे बायकोला खोकला जडला होता आणि रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

"तुमचा उजेड माझ्या छातीत बसलाय," ती म्हणायची. तो खिडकी लावून घ्यायचा आणि गच्चीवर जायचा.

पुढे कारखाना बंद पडला. हळूहळू आकाश निवळलं, बायकोचा खोकलाही गेला. त्याला मात्र काही सुचेना.

"आता सगळंच स्वच्छ दिसतं," तो म्हणाला. "काढायचं काय?"

बरेच दिवस त्याने ब्रशला हात लावला नाही. मग एका दुपारी बायको गच्चीवर उन्हात केस वाळवता वाळवता गाढ झोपलेली दिसली. त्याने तिथेच बसून तिचं चित्र काढलं. ऊन काही जमलं नाही, हे त्याला कळत होतं.

जाग आल्यावर तिने चित्र निरखून पाहिलं. "मी जाड दिसतेय."

"झालीच आहेस," तो म्हणाला, आणि खिळा शोधायला खाली गेला.