केबिनवरचा चांद

धुळ्यात माझ्या टायरच्या दुकानाशेजारी एक चाचा ट्रक रंगवतात. ते कधी बसत नाहीत. बोलतानाही ब्रश चालूच. एकदा चांदताऱ्याचा अर्थ विचारला, तर म्हणाले, "तुर्कांच्या झेंड्यावरून आला म्हणतात, भाऊ. त्यांच्याही आधी होताच. आपल्याला चांद दिसला की रोजे लागतात, ईद होते, एवढंच."

परवा त्यांचा ड्रायव्हर भाचा चोपड्याला केळी भरून उत्तरेकडे जाणार होता; त्याआधी ट्रक घेऊन इथे आला. "मामू, केबिनवरचा चांद पुसा. रस्त्यात अडवतात, मारतात."

तो चांद चाचांनीच हौसेनं काढला होता. त्यांनी वर निळा रंग चढवला. वाळेपर्यंत ट्रकभोवती फिरत राहिले, मग पुन्हा एक हात मारला आणि मला बोलावलं.

"दिसत नाही ना, भाऊ?"

उन्हात चांदाची कड स्पष्ट दिसत होती.

"नाही," मी म्हणालो.